स्क्रीनशॉटचे सदिशीकरण

स्क्रीनशॉटचे सदिशीकरण म्हणजे संगणकाच्या पडद्यावरून टिपलेल्या रास्टर चित्राचे सदिश अथवा व्हेक्टर चित्रात रूपांतर करण्याची प्रक्रिया होय. या प्रक्रियेला 'ट्रेसिंग' असेही म्हणतात. आकृत्या, नकाशे, बोधचिन्हे व आलेख कोणत्याही आकारात सुस्पष्ट दिसावेत, यासाठी तिचा उपयोग होतो.

स्वरूप

रास्टर चित्र पिक्सेल नावाच्या ठिपक्यांच्या जाळ्याने बनते. १९२० × १०८० मापाच्या पडद्याच्या स्क्रीनशॉटमध्ये असे २०,७३,६०० ठिपके असतात. चित्र मोठे करताना नवा तपशील निर्माण होत नाही. त्यामुळे कडा दातेरी अथवा धूसर दिसतात. सदिश चित्रात रेषा, वक्र व रंग यांचे गणिती वर्णन साठवलेले असल्याने ते कितीही मोठे केले तरी कडा रेखीव राहतात. अशा चित्रांसाठीचे एसव्हीजी हे खुले स्वरूप वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमने २००१ मध्ये प्रमाणित केले.

कार्यपद्धती

पीटर सेलिंगर यांची पोट्रेस ही मुक्त संगणकप्रणाली मुळात कृष्णधवल चित्रांवर काम करते. ती प्रथम काळ्या व पांढऱ्या भागांमधील सीमा शोधते, त्या सीमांना अनुरूप बहुभुज ठरवते आणि शेवटी बहुभुजांचे रूपांतर बेझिये वक्रांत करते. रंगीत चित्रासाठी रंगांची संख्या मर्यादित करून प्रत्येक रंगाचा स्वतंत्र थर रेखला जातो.

विविध कार्यप्रणालींवरील साधने

विंडोजमध्ये विंडोज व प्रिंट स्क्रीन या कळा एकत्र दाबल्यास, तर मॅकओएसमध्ये शिफ्ट, कमांड व ३ या कळा दाबल्यास संपूर्ण पडद्याचे चित्र साठवले जाते. लिनक्सवर बहुधा प्रिंट स्क्रीन ही कळ वापरतात. चित्र पीएनजी स्वरूपात ठेवणे हितावह असते; जेपीजीच्या संक्षेपणामुळे कडांभोवती उमटणारे डागही आकार म्हणून रेखले जातात.

इंकस्केप हे मुक्त सॉफ्टवेअर या तिन्ही कार्यप्रणालींवर चालते. त्यातील 'ट्रेस बिटमॅप' या सुविधेत पोट्रेसचा वापर केलेला आहे. अडोबी इलस्ट्रेटर या व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्येही अशी सुविधा आहे. केवळ पीएनजी चित्र एसव्हीजी धारिकेत समाविष्ट केल्याने सदिशीकरण होत नाही. आतील चित्र रास्टरच राहते.

मर्यादा

अक्षरांच्या कडा मऊ दिसाव्यात म्हणून कार्यप्रणाली मधल्या छटांचे पिक्सेल वापरते. रेखताना या छटांचे अनावश्यक तुकडे होतात आणि लहान अक्षरे विद्रूप होतात. छायाचित्रे असलेल्या स्क्रीनशॉटपासून हजारो आकारांची अवजड धारिका तयार होऊ शकते.

रेखलेला मजकूर हा मजकूर न राहता केवळ आकार उरतो. तो शोधता, निवडता अथवा संपादित करता येत नाही. देवनागरीत शिरोरेषेमुळे संपूर्ण शब्दच बहुधा एकसंध आकार बनतो. त्यामुळे एक काना चुकला तरी केवळ तेवढाच दुरुस्त करणे कठीण जाते. म्हणून आकृती रेखून नावे युनिकोडमध्ये नव्याने टंकलिखित करणे श्रेयस्कर ठरते. अशा एसव्हीजी धारिकेतील नावांचे अन्य भाषांत रूपांतर करणेही सोपे असते. विकिमीडिया कॉमन्सवरील इंग्रजी आकृत्या मराठीत आणताना या गोष्टीला विशेष महत्त्व आहे.

पर्याय

मूळ आलेख अथवा दस्तऐवज उपलब्ध असल्यास स्क्रीनशॉट टाळून थेट एसव्हीजी किंवा पीडीएफ स्वरूपात निर्यात करणे अधिक अचूक असते. विंडोज १०, मॅकओएस व लिनक्स या तिन्हींवर छपाईच्या आज्ञेतून पीडीएफ बनवता येते आणि ती इंकस्केपमध्ये उघडता येते. या मार्गाने रेषा मूळ रूपात मिळतात. मात्र देवनागरी जोडाक्षरे नेहमीच अचूक उतरत नसल्याने मजकूर तपासून घ्यावा लागतो.