दूध : गोठा ते डेअरी रोगजंतुनियंत्रण

दुधातून माणसाला होणारे रोग टाळण्यासाठी गोठा, वाहतूक व प्रक्रिया या टप्प्यांवर करायचे उपाय. निरोगी कासेतले दूध जवळजवळ निर्जंतुक असते. जंतू मिसळतात ते शेणाने बरबटलेली कास, धार काढणाऱ्याचे हात आणि नीट न धुतलेले कॅन यांवरून. आजारी जनावराच्या मात्र दुधातूनच ते उतरतात : ब्रुसेल्ला, गोवंशीय क्षयाचे जंतू, कासदाह (दगडी) रोगातील स्टॅफिलोकॉकस.

गोठ्यात ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना व पारड्यांना सांसर्गिक गर्भपाताची (ब्रुसेल्लाविरुद्धची) लस टोचतात. धारेआधी कास धुऊन कोरडी पुसावी लागते. धुणे होते, पुसणे राहते आणि सडांवरून ओघळणारे मळके पाणी थेट चरवीत जाते. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या फडक्यावर घेतल्या तर कासदाहाच्या गुठळ्या चटकन दिसतात. धार संपल्यावर सड आयोडिनाच्या द्रावणात बुडवतात व जनावरापुढे वैरण टाकतात. सडाचे छिद्र मिटेपर्यंत जनावर खाली बसू नये, एवढाच वैरणीमागचा हेतू.

संकलनानंतर दूध ४° से.पर्यंत थंड करतात. थंडीने जंतू मरत नाहीत, वाढ मंदावते. लिस्टेरिया तर थंडीतही वाढतो. डेअरीत मिथिलीन ब्ल्यू चाचणी घेतात : निळा रंग जितका लवकर उडेल तितके जंतू जास्त. पुढे ६३° से.ला ३० मिनिटे किंवा ७२° से.ला १५ सेकंद पाश्चरीकरण होते. ते नीट झाले की दुधातले फॉस्फटेज हे एंझाइम नष्ट होते. म्हणून त्याचीच चाचणी घेतात.

उष्णतेने स्टॅफिलोकॉकस मरतो, त्याचे विष उरते. ३१ मार्च २००० रोजी जपानमध्ये होक्काइदोतील ताइकी येथे स्नो ब्रँडच्या कारखान्यात वीज गेली आणि दूध कोमट राहिले. त्यापासून केलेली भुकटी ओसाकातील उत्पादनांत वापरली गेली आणि त्या उन्हाळ्यात १३ हजारांहून अधिक लोक आजारी पडले. तापवणे चुकले नव्हते. विष आधीच तयार झाले होते.

म्हणून काळजी गोठ्यापासूनच घ्यावी लागते. पण महाराष्ट्रात दुधाचा दर फॅट व एस.एन.एफ. (फॅटखेरीज इतर घन पदार्थ) यांवर ठरतो. कास कोरडी पुसल्याचे वेगळे पैसे उत्पादकाला सहसा मिळत नाहीत.