अळणीची वाटी

कोल्हापुरात मटण शिजत आलं, की चटणी पडायच्या आधी पातेल्यातून एक वाटी बाजूला निघते. तिचं नाव अळणी. नावावर जाऊ नका. हळद, आलं-लसूण, अगदी मीठसुद्धा तिच्यात असतं. नसते ती फक्त कांदा-लसूण चटणी. ही वाटी घरातल्या तान्ह्याची, तापातून उठलेल्याची आणि दात गेलेल्या आजोबांची. तांबड्या रश्श्याचा गवगवा पुष्कळ झाला. पण ज्याला चावता येत नाही त्याचा वाटा इथं सगळ्यांच्या आधी निघतो, हे फारसं बोललं जात नाही.

या वाटीसारखी सोय फार जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, दुसऱ्याच अध्यायात, २८ यवागू म्हणजे औषधी पेजा दिल्या आहेत. पुढं शार्ङ्गधरानं तर पाण्याचं मापच सांगितलं. तांदळाच्या सहापट पाणी घातलं की यवागू, चौपट घातलं की घट्ट विलेपी. चौदापट पाण्यात शिजवून शितं गाळून टाकली की मंड. शितं राहिली तर पेया. पंचकर्मानंतर रोग्याला एकदम पानावर बसवत नसत. आधी पेया, मग विलेपी, मग मुगाचं कढण आणि शेवटी मांसरस, असा क्रम. त्यातही कढण आणि मांसरस आधी 'अकृत', म्हणजे स्नेह, मीठ, तिखट न घातलेले. नंतर 'कृत', म्हणजे संस्कार केलेले. आधी अळणी आणि मग रस्सा, हा आपला क्रम याच्या किती जवळचा! कोल्हापूरच्या चुलीनं तो चरकाकडून उचलला असं मी म्हणणार नाही. आजारी माणसाकडं नीट पाहणाऱ्या कुणालाही तो सुचावा.

मांसरस रोजच्या घरातला नव्हे. गरिबाला आधार नाचणी-वरीचा. पन्हाळ्याच्या अंबरखान्यातल्या गंगा, यमुना, सरस्वती या कोठारांत २५,००० खंडी धान्य मावत असे म्हणतात. त्यात भाताबरोबर नाचणी आणि वरीही असे. या पिठाची ताकातली आंबील म्हणजे न चावता पोट भरणारं जेवण. कोल्हापुरात मार्गशीर्षात रेणुकेची आंबील यात्रा भरते. तिथं हेच मऊ अन्न देवीचा नैवेद्य होतं आणि धडधाकट माणसंही ते हौसेनं खातात. 'म्हाताऱ्याचं खाणं' असा शिक्का त्यावर बसत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

पण एक गोष्ट जुन्या मापांवर सोडून चालणार नाही. हा सगळा क्रम जठराग्नीचा, म्हणजे पचनाचा आहे. गळ्याचं गणित वेगळं. अर्धांगवायूचा झटका आला की गिळण्याचे स्नायू मंदावतात. मग घरचे म्हणतात, पातळ द्या, पटकन उतरेल. नेमकं तेच घातक ठरू शकतं. पाणी, चहा, पातळ पेज झरकन घसरते आणि श्वासनलिकेत शिरते. ठसका लागतो, कधी कधी तोही लागत नाही आणि काही दिवसांनी न्यूमोनिया होतो. अशा पुष्कळ रोग्यांना मंडापेक्षा विलेपीसारखा घट्टपणा सोपा जातो. भाजीचे तुकडे तरंगणारा पातळ रस्सा तर आणखी अवघड, कारण तोंडाला दोन कामं एकदम करावी लागतात.

एकविसाव्या शतकात तज्ज्ञांनी पेय आणि अन्न यांच्या शून्य ते सात अशा आठ पायऱ्या ठरवल्या. पातळ पदार्थाची परीक्षा साधी आहे : १० मिलीच्या सिरिंजमधून १० सेकंदांत किती गळतं आणि किती उरतं ते पाहायचं. शार्ङ्गधर पाणी मोजतो शिजवण्याआधी. हे लोक घट्टपणा मोजतात खाण्याच्या वेळी. पेज निवता निवता आळते, हे ज्या गृहिणीला ठाऊक आहे तिला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. कुठली पायरी कुणाला, हे मात्र डॉक्टरांनी आणि गिळण्याची तपासणी करणाऱ्या वाचा-उपचारतज्ज्ञांनीच ठरवावं.

दुसरी अडचण तोंडाचीच. सुपारी-गुटख्यानं गालाची आतली कातडी ताठ होते, तोंड दोन बोटंही उघडत नाही. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी हा विकार नोंदवला आणि १९५३ मध्ये डॉ. एस. जी. जोशी यांनी त्याला 'सबम्यूकस फायब्रोसिस' हे नाव दिलं. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटखाबंदी झाली. ज्यांचं तोंड त्याआधीच मिटत आलं होतं, त्यांना तिखटाचा थेंबही सोसत नाही. तरण्याताठ्या माणसाला ऐन जत्रेत अळणीची वाटी मागायची लाज वाटते, आणि मग तो जेवण झालंय म्हणून सांगतो.

अशा माणसासाठी सगळं मिक्सरमधून एकत्र फिरवून राखाडी लगदा करू नये. डाळ वेगळी, भोपळा वेगळा, भात वेगळा घोटावा. रंग आणि चव राहते. भाकरी गरम असतानाच तिचा पापुद्रा सोलावा, आतला मऊ भाग अळणीत पुरता भिजू द्यावा आणि गुठळी उरणार नाही असा कुस्करावा. पापुद्रा नातवंडं पळवतातच.