टिंबांचा खेळ

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याला आणि पुढे दौंडला जाताना हॉटेलांच्या पाट्या नुसत्या अक्षराच्या वळणावरून ओळखू येतात. ‘चायनीज’ असेल तर कुंचल्याच्या फटकाऱ्यांची, टोकदार अक्षरे. ‘बिर्याणी’ असेल तर हिरवी, उर्दूसारखी झुकलेली आणि वर-खाली शंकरपाळ्यांसारखी टिंबे. लिपी दोन्हीकडे देवनागरीच!

ही युक्ती आपली नव्हे. १८८३ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड टाइप फाउंड्रीने चिनी वळणाचा इंग्रजी टाइप काढला. पुढे तो ‘मँडरिन’ नावाने ओळखला गेला. आदल्याच वर्षी तिथे चिनी मजुरांना देशबंदी करणारा कायदा झाला होता. माणूस नको, पण त्याच्या अक्षराचा थाट हवा. नंतर चिनी हॉटेलवाल्यांनीच तो टाइप आपल्या पाट्यांवर घेतला, कारण गिऱ्हाइकाला तोच ‘चिनी’ वाटे. आपली शिरोरेषाही यातून सुटलेली नाही. इंग्रजी अक्षरांवर आडवी रेघ ओढली की परदेशातल्या मेनूकार्डावर ती ‘इंडियन’ होतात.

गरजेपोटी परकी अक्षरे घेणे वेगळे. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापले गेले. भाषा मराठी, खिळे रोमन, कारण देवनागरीचे खिळे तिथे नव्हतेच.

खरी नस्तालीक तर छापखान्याला फार काळ दाद देत नव्हती. अक्षर जागेनुसार रूप बदलते, शब्द तिरका खाली उतरतो. त्यामुळे उर्दू वर्तमानपत्रांची पानेच्या पाने कातिब हाताने लिहीत. मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडरूपे स्वतः लिहून ‘नूरी नस्तालीक’ घडवली आणि १९८१ मध्ये लाहोरचे ‘जंग’ तिच्यात निघू लागले. एवढ्या मेहनतीची नक्कल आपण चार टिंबांत उरकतो.

बरे, ती टिंबे मुकी नसतात. उर्दू शब्द देवनागरीत लिहिताना ‘ज’खालचा नुक्ता उच्चार बदलतो, अर्थही बदलतो. ‘जलील’ म्हणजे थोर. हा जीमने लिहितात. ‘ज़लील’ म्हणजे नीच, अपमानित, हा ज़ालने. नवरदेवाचे नाव जलील असेल आणि पत्रिकेवर शोभेसाठी ‘ज’खाली टिंब पडले, तर वाचता येणाऱ्याने काय वाचावे? मराठीच्या साध्या टाइपात हा धोका नाही, तिथे नुक्ता नसतोच.

आणि हा टाइप मागतो कोण? आपलीच माणसे. मुलांना अलिफ-बे येत नाही, घरात मराठी आणि दखनी चालते, मग निदान अक्षर तरी ‘आपले’ दिसावे अशी इच्छा. ती मला कळते. पण एका छपाईवाल्याला टिंबे काढायला सांगितले तेव्हा तो सहज म्हणाला, “सर, मग मुस्लिम वाटणार नाही.” मराठी बोलणारा माणूस मुस्लिम वाटायला आधी परका दिसला पाहिजे, हे त्याला कुणी शिकवले नव्हते, पाट्या बघून तो शिकला होता.

वर उर्दू मजकूर खऱ्या नस्तालीकमध्ये, खाली मराठी साध्या टाइपात, अशी पत्रिका त्याच्याच संगणकावर अर्ध्या तासात निघाली.