धुलाई यंत्रातील चलित्र : दोषनिदान व दुरुस्ती

कपडे धुण्याच्या घरगुती यंत्रातील पिंप किंवा घुसळणी फिरविण्यासाठी विद्युत् शक्तीचे यांत्रिक शक्तीत रूपांतर करणारा भाग म्हणजे चलित्र (मोटर) होय. विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून या चलित्राचे प्रकार बदलत गेले आणि प्रत्येक प्रकाराबरोबर त्यातील दोष, ते ओळखण्याच्या रीती व दुरुस्ती करू शकणारा वर्गही बदलला.

जेम्स किंग (१८५१) व हॅमिल्टन स्मिथ (१८५८) या अमेरिकन संशोधकांची यंत्रे हाताने फिरवावी लागत. यंत्रास विद्युत् चलित्र जोडण्याचे श्रेय पुष्कळदा ऑल्व्हा जे. फिशर यांना (एकस्व १९१०) दिले जाते. परंतु अशा यंत्रांच्या जाहिराती १९०४ सालीच प्रसिद्ध झाल्या होत्या व फिशर यांच्यापूर्वीचे एकस्वही नोंदलेले असल्याने हे मत ग्राह्य धरता येत नाही. आरंभीच्या यंत्रांत चलित्र टाकीखाली उघडेच बसविलेले असे. त्यावर पाणी ठिबकून मंडल संक्षेपित होई व वापरणाऱ्यास विजेचा धक्का बसे. त्यामुळे चलित्र बंदिस्त करणे व सांगाडा जमिनीशी जोडणे (भूयोजन) या सुधारणा अपरिहार्य ठरल्या.

प्रवर्तन चलित्र : निकोला टेस्ला यांना या चलित्राची एकस्वे १८८८ मध्ये मिळाली. यातील घूर्णकास बाहेरून प्रवाह द्यावा लागत नसल्यामुळे झिजणारे कुंचले (ब्रश) नसतात. मात्र घरगुती एककला पुरवठ्यावर ते आपोआप सुरू होत नाही. त्यासाठी दुसरी गुंडाळी व बहुधा धारित्र (कपॅसिटर) लागते. निदानाची किल्ली यातच आहे. चलित्र नुसते गुणगुणत असून बाहेरून गती मिळताच त्या दिशेने फिरू लागले, तर दोष धारित्रात किंवा साहाय्यक गुंडाळीत असतो. पुरवठा तोडल्यावरही आस हाताने फिरत नसेल, तर धारवे (बेअरिंग) अडकलेले असतात. भारतात रूढ झालेल्या दोन टाक्यांच्या अर्धस्वयंचलित यंत्रांत धुलाई चलित्राच्या दोन्ही गुंडाळ्या सारख्या असतात व कालनियंत्रक (टायमर) धारित्राची जोडणी बदलून फिरण्याची दिशा उलटवितो. म्हणून असे चलित्र एकाच दिशेने फिरत असल्यास गुंडाळ्या शाबूत असून कालनियंत्रकाचा संपर्क बिघडलेला असणे अधिक संभवनीय असते.

गुंडाळीची परीक्षा पूर्वी एकसरीत जोडलेल्या दिव्याने करीत. ब्रिटिश डाक खात्यातील अभियंते डोनल्ड मॅकॅडी यांनी रचलेले ॲव्होमीटर १९२३ मध्ये विक्रीस आले आणि प्रवाह, दाब व रोध एकाच उपकरणाने मोजता येऊ लागले. रोध अनंत आढळल्यास तार तुटलेली असते, फार कमी आढळल्यास वेढे परस्परांस चिकटलेले असतात. गुंडाळी व सांगाडा यांत संवहन आढळल्यास निरोधन फुटलेले असून यंत्र वापरणे जिवावर बेतू शकते. जळालेली गुंडाळी काढून, वेढे मोजून, तितक्याच जाडीच्या तारेने ती पुन्हा भरतात व रोगण देऊन भाजतात. भारतातील लहानमोठ्या गावांत ‘रिवाइंडिंग’चा व्यवसाय या कौशल्यावरच उभा राहिला.

कुंचल्यांचे चलित्र : समोरून उघडणाऱ्या यंत्रांत पिंप कधी मंद, तर कधी अतिवेगाने फिरवावे लागते. त्यासाठी दिक्परिवर्तक (कॉम्युटेटर) असलेले चलित्र सोईचे ठरले. त्यातील कार्बनाचे कुंचले झिजून आखूड झाले म्हणजे ठिणग्या उडतात व अखेर चलित्र थांबते. नवे कुंचले बसवून दिक्परिवर्तक स्वच्छ केल्यास बहुधा काम भागते. वेग मोजणाऱ्या लहान जनित्राचा संकेत तुटल्यास पिंप भरधाव सुटते किंवा नियंत्रक यंत्र थांबवितो. अशा वेळी चलित्र निर्दोष असूनही बदलले जाण्याचा संभव असतो.

कुंचलेविरहित चलित्र : न्यूझीलंडमधील फिशर अँड पायकेल कंपनीने १९९१ मध्ये पट्ट्यावाचून पिंप फिरविणारे, इलेक्ट्रॉनीय नियंत्रणाचे चलित्र प्रचारात आणले. यात झिजणारे भाग थोडे असतात. परंतु दोष बहुधा नियंत्रक पट्टावर किंवा घूर्णकाची स्थिती दर्शविणाऱ्या संवेदकात उद्‌भवतो. तो सांकेतिक आकड्यांनी दर्शविला जातो व त्यांचा अर्थ उत्पादकाच्या पुस्तिकेवाचून कळत नाही. परिणामी दुरुस्तीचे ज्ञान कारागिराच्या हातून उत्पादकाकडे गेले आणि किरकोळ दोषापायी संपूर्ण यंत्र टाकून देण्याचे प्रसंग वाढले.

याची दखल शासनांनीही घेतली. यूरोपीय संघात १ मार्च २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार यंत्राच्या नमुन्याचा शेवटचा नग बाजारात आल्यानंतर किमान दहा वर्षे चलित्र व कुंचले व्यावसायिक दुरुस्तकांस मिळणे बंधनकारक आहे. भारत सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयीचे संकेतस्थळ सुरू केले असून त्यात घरगुती टिकाऊ वस्तूंचा समावेश आहे.

दक्षता : कोणत्याही परीक्षेपूर्वी पुरवठ्याची खुंटी (प्लग) काढणे आवश्यक असते. पुरवठा तोडल्यावरही धारित्रात विद्युत् भार शिल्लक राहू शकतो. म्हणून तो योग्य रोधकातून निचरल्यानंतरच धारित्राच्या अग्रांस हात लावतात. [⟶ विद्युत् चलित्र].