डिजिटल रोजनिशी

डिजिटल रोजनिशी : संगणकावर किंवा मोबाइलमधील ॲपमध्ये तारीखवार आणि मुख्यतः स्वतःसाठी केलेले नियमित लेखन. मजकुराबरोबर छायाचित्रे, ध्वनिमुद्रण, ठिकाण, हवामान, चाललेली पावले अशी माहितीही तिच्यात येते आणि यांतले बरेचसे ॲप आपणहून भरते. या लेखनप्रकाराची शिफारस सहसा सोयीच्या मुद्द्यावर होते : फोन खिशातच असतो, आठवण करून देणारी सूचना येते, दोन ओळींतही दिवस नोंदवता येतो. हे सगळे खरे असले तरी गौण आहे. लिहिणे वहीतही अवघड नव्हते. अवघड होते ते लिहिलेले पुन्हा सापडणे, आणि ॲपने रोजनिशीत मूलभूत बदल केला असेल तर तो इथे. म्हणून एखाद्या ॲपची पारख करताना त्यात मजकूर किती सहज जातो हे पाहून भागत नाही. वीस-तीस वर्षांनी तो कसा शोधता येईल आणि कोणत्या रूपात बाहेर काढता येईल, हे आधी पाहायला हवे.

संगणकावरच्या रोजनिशीला खास ॲपची गरज कधीच नव्हती. विंडोजमधल्या नोटपॅडच्या फायलीत पहिल्या ओळीवर टिंब देऊन ‘लॉग’ हा शब्द रोमन मोठ्या अक्षरांत लिहिला, की ती फाइल उघडताच दर वेळी मजकुराच्या शेवटी त्या क्षणाची तारीख आणि वेळ उमटते. एवढ्या साधनावर रोजनिशी चालू शकते. १९९९ मध्ये निघालेल्या लाइव्हजर्नलने रोजचे लेखन इंटरनेटवर नेले, पण ते बव्हंशी इतरांनी वाचावे म्हणून होते. खाजगी रोजनिशीसाठी बनवलेल्या ॲपांपैकी ‘डे वन’ २०११ मध्ये आले आणि २०२१ मध्ये वर्डप्रेस डॉट कॉम चालवणाऱ्या ऑटोमॅटिक कंपनीने ते विकत घेतले. ॲपलने डिसेंबर २०२३ मध्ये आयफोनमध्येच ‘जर्नल’ हे ॲप दिले. दिवसभरातले फोटो, भेट दिलेली ठिकाणे, ऐकलेले संगीत यांवरून ते लिहिण्याचे विषय सुचवते. ऑब्सिडियनसारखी साधने वेगळ्या वाटेने जातात : दर दिवसाची एक साधी मजकूर-फाइल, आणि ती लिहिणाऱ्याच्याच संगणकावर.

सापडण्याचा प्रश्न किती मूलगामी आहे हे एका चिकाटीच्या प्रयोगातून कळते. डच मानसशास्त्रज्ञ व्हिलेम वाखेनार यांनी सहा वर्षे रोज स्वतःच्या आयुष्यातली एखाद-दुसरी घटना टिपून ठेवली. काय घडले, कोण होते, कुठे आणि केव्हा, हे चार तपशील त्यांनी प्रत्येक नोंदीत वेगळे ठेवले आणि पुढे सुमारे २,४०० घटनांवर स्वतःचीच स्मृती तपासली. १९८६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : काय घडले याची सूचना मिळाली की घटना सर्वांत चांगली आठवे, माणूस किंवा जागा सांगितली तरी पुष्कळ हाती लागे, पण नुसत्या तारखेवरून जवळजवळ काहीच आठवत नसे. हा एकाच माणसावरचा प्रयोग आहे, असे म्हणता येईल. पण निष्कर्ष पटण्यासारखा आहे. डॉक्टरांनी औषध कधी बदलले, घराच्या गिलाव्याला ओल पहिल्यांदा कुठल्या पावसाळ्यात आली, हे शोधताना माणसाला नेमकी तारीखच ठाऊक नसते. आणि वहीत शिरायला तारखेखेरीज वाट नाही. अठराव्या शतकातल्या पेशवे दप्तराचीही हीच अडचण होती. रोजच्या हिशेबाच्या आणि हुकमांच्या नोंदी दिवसामागून दिवस चढत गेल्या, पण किल्ल्यांचा बंदोबस्त, शेतसारा किंवा न्यायनिवाडा यांविषयी काही जाणून घ्यायचे तर तो क्रम कामाचा नव्हता. गणेश चिमणाजी वाड यांनी त्यांतले वेचे निवडून विषयवार लावले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ते पेशव्यांची रोजनिशी म्हणून छापून आले, तेव्हा अभ्यासकांना त्यांचा उपयोग करता येऊ लागला. एका व्यासंगी माणसाने वर्षानुवर्षे खपून केलेले हे काम ॲपमधला शोध खाजगी लेखनापुरते क्षणात करतो. खूणशब्द, माणसांची नावे आणि नकाशावरचे ठिकाण या तिन्ही वाटा त्यात मोकळ्या असतात, आणि वाखेनारांच्या प्रयोगात उपयोगी ठरलेल्या सूचना याच होत्या.

मराठीत लिहिणाऱ्याला मात्र ही वाट आपोआप मोकळी होत नाही, आणि ॲपांच्या परीक्षणांत याचा उल्लेख सहसा नसतो. मराठी नामाला प्रत्यय लागण्याआधी त्याचे सामान्यरूप होते. ‘पुणे’ शोधले तर ‘पुण्यात’, ‘पुण्याहून’, ‘पुण्याचा’ या नोंदी निसटतात, कारण साधा शोध अक्षरे जुळवतो, शब्द ओळखत नाही. ‘घोडा’ आणि ‘घोड्याला’, ‘सासू’ आणि ‘सासवांनी’ यांचेही तसेच. दुसरी अडचण दिसतच नाही. ‘दुसऱ्या’ या शब्दातला अर्धा ‘र’ दोन निराळ्या सांकेतिक रचनांनी टंकता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एका कळफलकावरून लिहिलेले दुसऱ्या कळफलकावरून शोधले की हाती काही लागत नाही. रोमन अक्षरांत मराठी लिहिणाऱ्यांचे हाल याहून वाईट, कारण तिथे एकाच शब्दाची चार स्पेलिंगे एकाच माणसाच्या हातून होतात. २०१७ पासून गूगलच्या कळफलकावर मराठी बोलून लिहिता येते, त्यामुळे देवनागरीत लिहिण्याचा कंटाळा ही सबब फारशी उरलेली नाही. यावर व्यवहार्य उपाय एकच : नोंदीच्या शेवटी माणूस, गाव आणि विषय मूळ रूपात, ठरलेल्या शुद्धलेखनाने, खूणशब्द म्हणून लिहावेत. रोजच्या लेखनात अर्ध्या मिनिटाची भर पडते, पण तेवढ्याने मराठी रोजनिशी शोधता येण्याजोगी होते.

या मांडणीवर पहिला आक्षेप हस्ताक्षराच्या बाजूने येतो. हाताने लिहिताना मन ठरते, टंकताना ते पळते, असे म्हटले जाते आणि त्याला आधार म्हणून म्यूलर व ओपेनहायमर यांचा २०१४ चा अभ्यास पुढे केला जातो. तो वर्गात टिपणे घेणाऱ्या विद्यार्थ्यांविषयी होता, आणि नंतर इतरांनी केलेल्या पुनःप्रयोगांत त्याचे निष्कर्ष तेवढ्या ठामपणे आले नाहीत. दुसऱ्याचे व्याख्यान उतरवणे आणि स्वतःचा दिवस आठवणे या मुळातच वेगळ्या क्रिया आहेत. अधिक विचारी आक्षेप फ्रेंच अभ्यासक फिलिप लझन यांच्या कामातून निघतो. रोजनिशी म्हणजे तारीख घातलेल्या खुणांची मालिका, असे ते मानत, आणि संगणकावरच्या रोजनिशीवर त्यांनी २००० साली स्वतंत्र पुस्तक लिहिले. कागदावर खोडलेलेही दिसत राहते, ॲपमध्ये कालचे वाक्य आज बदलले तर मागमूस राहत नाही, आणि जिची खूण मागाहून बदलता येते तिला साक्ष म्हणावे का, हा प्रश्न रास्तच आहे. त्याचे उत्तर लिहिणाऱ्याच्या शिस्तीत आहे. जुनी नोंद सुधारायची नाही, मत बदलले तर आजच्या तारखेला तसे लिहायचे, हा हिशेबाच्या वहीचा जुना नियम इथेही पाळता येतो. तो पाळला नाही तर ॲपमधली रोजनिशी हळूहळू आत्मचरित्राकडे सरकते, आणि हे नुकसान खरे आहे.

मनःस्वास्थ्याचा मुद्दा ॲपांच्या जाहिरातींत सर्वांत मोठा असतो, तेवढे वजन त्याला पेलत नाही. जेम्स पेनेबेकर आणि सॅन्ड्रा बील यांच्या १९८६ च्या मूळ प्रयोगात विद्यार्थ्यांनी ओळीने चार दिवस पंधरा-पंधरा मिनिटे आपल्या आघाताविषयी लिहिले, आणि त्यानंतरच्या महिन्यांत त्यांच्यापैकी काहींच्या आरोग्यकेंद्राच्या फेऱ्या कमी झाल्या. रोजची रोजनिशी हा त्या प्रयोगाचा विषयच नव्हता. २००६ मध्ये जोआन फ्राटारोली यांनी अशा १४६ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा परिणाम आढळला, पण सरासरीने लहान. रोजनिशीच्या बाजूने अधिक नेमका पुरावा दुसरीकडे आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलमधील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी त्या वेळच्या साध्यासुध्या गोष्टी लिहून ठेवल्या. तीन महिन्यांनी त्या वाचताना त्यांना जितकी उत्सुकता वाटली, तिचा अंदाज लिहिताना त्यांनी पुष्कळ कमी धरला होता. म्हणजे साधा दिवस नोंदवण्याजोगा नाही ही भावना चुकीची असते, आणि ती चूक परत वाचल्यावरच उमगते. रोजनिशीचा लाभ परतवाचनात आहे, या मताला यातून थेट आधार मिळतो.

मग सगळेच का नोंदवू नये? फोनला ठिकाण, पावले, भेटी, संदेश ठाऊकच असतात. माणसाने लिहिण्याची गरज काय? या प्रश्नाचे उत्तर दोन टोकांच्या उदाहरणांत आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातील रॉबर्ट शील्ड्स यांनी १९७२ ते १९९७ या काळात दर पाच मिनिटांच्या हालचालींची नोंद ठेवली. ती सुमारे पावणेचार कोटी शब्दांची झाली आणि वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाकडे आहे. संगणकतज्ज्ञ गॉर्डन बेल यांनी मायक्रोसॉफ्टमध्ये ‘मायलाइफबिट्स’ या प्रकल्पात आपली कागदपत्रे, फोटो, संभाषणे यांतले शक्य तेवढे साठवले. दोन्ही संग्रहांचे मोल आहे, पण ते अभ्यासकासाठी अधिक. स्वतःच्या रोजनिशीत माणूस जे वगळतो त्यातूनही त्या दिवसाचा अर्थ ठरतो, आणि ही निवड यंत्राने केली तर पुढे वाचताना आपण त्या दिवशी कुठे होतो हे कळते, तो दिवस आपल्याला कसा गेला हे कळत नाही. आपोआप भरलेल्या माहितीने शोध सोपा होतो. तिने वाक्याची जागा घेऊ नये. नोंदीचा गोषवारा यंत्राकडून लिहून घेण्याची सोय आता काही ॲपांत आली आहे, तिलाही हेच लागू पडते.

सर्वांत वजनदार आक्षेप टिकाऊपणाचा आहे. १०८६ च्या डूम्सडे बुक या इंग्लंडमधील भूमिनोंदींचा नऊशेवा वाढदिवस म्हणून बीबीसीने १९८६ मध्ये लोकांकडून देशभराची माहिती गोळा करून लेझरडिस्कवर साठवली. पंधरा-सोळा वर्षांत ती वाचणारी यंत्रेच दुर्मिळ झाली आणि मजकूर वाचवायला संशोधकांना खास प्रकल्प हाती घ्यावा लागला. अकराव्या शतकातले मूळ चर्मपत्र अजून वाचता येते. ‘ओहलाइफ’ ही सेवा रोज ईमेलने दिवसाची विचारपूस करी आणि आलेले उत्तर रोजनिशीत जमा करी. २०१४ मध्ये ती बंद झाली, बंद होण्याआधी मजकूर उतरवून घेण्याची संधी दिली गेली म्हणून तो अनेकांना वाचवता आला. मराठीतला अनुभव तर घरोघरचा आहे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण तिचा वापर रुळेपर्यंत मराठी मजकूर श्रीलिपी, कृतिदेव, आकृती अशा फाँटांत टंकला जाई. या फाँटांत रोमन अक्षरांच्या सांकेतिक जागी देवनागरीच्या आकृत्या बसवलेल्या असत. फाँट नसेल तर फाइल उघडते, पण पडद्यावर निरर्थक चिन्हे दिसतात. त्या काळात संगणकावर लिहिलेल्या कितीतरी टिपणांची आज ही स्थिती आहे. याउलट, कारीच्या जेधे देशमुखांकडे जपून ठेवलेली शकावली, म्हणजे तिथीवार मांडलेल्या एकेका ओळीच्या नोंदी, लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली आणि शिवाजी महाराजांची जन्मतिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ असल्याचा पुरावा त्यातून पुढे आला. दोन शतके ते कागद घरात पडून राहिले तरी त्यांचे काही बिघडले नाही.

हा आक्षेप पूर्ण मान्य करूनही त्यातून वहीकडे परतण्याचा सल्ला निघत नाही. कागद जुना झाल्याने वाचला असे नाही. आग, पूर, वाळवी आणि रद्दी यांत गेलेल्या वह्यांची मोजदादच नाही. शकावली उरली ती कुणीतरी जपली आणि पुढे कुणाला तरी मोडी वाचता आली म्हणून. लिपी विस्मरणात गेली तर कागदही मुका होतो, पण मोडी शिकता येते, कारण तिची वळणे उघड्यावर आहेत. ॲपच्या फायलींना हीच कसोटी लावावी. मजकूर साध्या युनिकोडमध्ये, उघड रचनेच्या फायलींत बाहेर येतो का? फोटो त्यांच्या तारखांसह वेगळे मिळतात का? डे वन साधा मजकूर, पीडीएफ आणि जेसन या रूपांत नोंदी बाहेर देते. ऑब्सिडियनमध्ये बाहेर काढण्याचा प्रश्नच येत नाही. ज्या ॲपातून मजकूर बाहेर निघत नाही, ते लिहायला कितीही देखणे असले तरी रोजनिशीसाठी वापरू नये. बाहेर काढलेली प्रतही वर्षातून एकदा दुसऱ्या साधनात उघडून पाहावी, कारण न उघडलेल्या प्रतीवर विसंबता येत नाही.

खाजगीपणा आणि वारसा यांत ताण आहे. सॅम्युएल पेपिस यांनी १६६० ते १६६९ या काळातली आपली रोजनिशी शेल्टनच्या लघुलिपीत लिहिली. जॉन स्मिथ यांना ती उलगडायला १८१९ पासून तीन वर्षे लागली, वास्तविक त्या लघुलिपीचे पुस्तक पेपिस यांच्याच ग्रंथसंग्रहात होते. ॲपमधले सुरक्षित कूटलेखन याहून फार कठोर असते. डे वनमध्ये २०१७ पासून असे कूटलेखन उपलब्ध आहे : किल्ली फक्त लिहिणाऱ्याकडे, कंपनीलाही मजकूर वाचता येत नाही. चोरी, हेरगिरी किंवा कुतूहलापासून याहून चांगले संरक्षण नाही, पण किल्ली हरवली तर कोणताही जॉन स्मिथ उपयोगाचा नाही. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मृत्यूनंतर आपले हक्क बजावण्यासाठी व्यक्ती नामनिर्देशित करण्याची तरतूद आहे. गूगलने २०१३ पासून आणि ॲपलने २०२१ पासून खात्याचा वारस नेमण्याची सोय दिली आहे. मात्र जिथे कंपनीकडेच किल्ली नाही, तिथे हे कागदोपत्री हक्क मजकुरापर्यंत पोचवू शकत नाहीत. रोजनिशी आपल्यामागे कुणी वाचावी की वाचू नये, हे जिवंतपणीच ठरवावे लागते : वाचावी असे वाटत असेल तर सांकेतिक शब्द विश्वासातल्या माणसाकडे किंवा मृत्युपत्राबरोबर लेखी ठेवावा, आणि वाचू नये असे वाटत असेल तर बाहेर काढलेल्या प्रतीही कूटबद्धच ठेवाव्यात.