पाय घसरला होता

दिवाळीच्या अंकात असा विषय काढावा की नाही, याचा मी बराच विचार केला. फराळाचे ताट पुढे असताना मरणाची गोष्ट कशाला, असे कोणीही म्हणेल. पण पणती आपण ठेवतो ती अंधाऱ्या कोनाड्यातच. लख्ख उन्हात तिचे काम नसते. म्हणून वाचकांची क्षमा मागून आज या कोनाड्याकडे वळतो.

माझ्या लहानपणी आमच्या वाड्यात एक वहिनी राहत. नाव सांगत नाही. एका पहाटे त्यांना मागच्या विहिरीतून गड्यांनी वर काढले. जीव वाचला. दिवस उजाडतो तोच हवालदार ओटीवर येऊन बसला. आजीने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाली, "पाणी शेंदताना पाय घसरला हो पोरीचा." वाड्यात नळ आल्यापासून त्या विहिरीच्या रहाटाला दोर नव्हता. ते हवालदारालाही दिसत होते. त्याने चहा घेतला, आजी म्हणाली तसेच लिहून घेतले आणि निघून गेला.

आजी खोटे बोलणाऱ्यांतली नव्हती. त्या दिवशी बोलली, आणि वाड्यातल्या एकूण एक माणसाने ते खोटे पुढे चालवले. त्याचा परिणाम असा झाला की वहिनींना त्या पहाटेविषयी पुढे कोणी काही विचारले नाही. जिचा नुसता पाय घसरला, तिला विचारायचे तरी काय?

आजीला खोटे बोलायला कोणी लावले? मी वकील नव्हे, डॉक्टर नव्हे, शाळामास्तर आहे. पण हा प्रश्न डोक्यात घेऊन मी जुनी पुस्तके चाळू लागलो, आणि त्याचे उत्तर मला थेट विलायतेत सापडले.

इंग्लंडात आत्महत्या हा राजाविरुद्धचा गुन्हा मानत. गेलेल्या माणसाला शिक्षा कशी करणार? तर त्याचे प्रेत चव्हाट्यावर पुरायचे आणि त्याची चीजवस्तू सरकारजमा करायची. म्हणजे दुःख एकाचे आणि दंड त्याच्या बायकामुलांना. चव्हाट्यावर पुरण्याची चाल 1823 च्या कायद्याने थांबली आणि मालमत्ता जप्त करणे 1870 साली बंद झाले. परंतु जो प्रयत्न करून वाचला, तो गुन्हेगारच राहिला. 1860 साली आपल्याकडे भारतीय दंडसंहिता झाली, तेव्हा हीच समजूत तिच्यात उतरली. कलम 309 : जीव देण्याचा प्रयत्न करणाऱ्यास एक वर्षापर्यंत साधी कैद. 1862 च्या पहिल्या जानेवारीपासून ही संहिता लागू झाली. आजीने त्या कलमाचा आकडा कधी ऐकला नसेल, पण त्याचा धाक तिच्या ओटीपर्यंत पोचला होता. तेव्हा कितीतरी घरांनी दवाखान्यात आणि चौकीत अपघातच सांगितला, आणि पोलिसांचे लचांड नको म्हणून अनेक डॉक्टर असा रोगी घ्यायला कचरत.

आता त्याच विलायतेतली दुसरी गोष्ट ऐका. 1935 साली लिंकन गावी चॅड व्हारा नावाच्या एका तरुण धर्मोपदेशकाला पहिलाच अंत्यविधी करावा लागला तो चौदा वर्षांच्या मुलीचा. वयात येताना मुलीच्या देहात जो बदल होतो, तो तिला कोणी समजावून सांगितला नव्हता. आपल्याला काही लाजिरवाणा रोग जडला, असे समजून त्या पोरीने जीव दिला होता. तिला विचारायला माणूस नव्हते, एवढेच तिच्या मरणाचे कारण. ही गोष्ट व्हारांच्या मनातून गेली नाही. अठरा वर्षांनी, 1953 साली, लंडनमधल्या सेंट स्टीफन वॉलब्रुक या चर्चची जबाबदारी त्यांच्याकडे आली, तेव्हा त्यांनी ठरवले की ज्याला जीव नकोसा झाला आहे त्याला केव्हाही फिरवता येईल असा एक टेलिफोन असावा. लक्षात राहील असा क्रमांक हवा, म्हणून त्यांनी मॅन्शन हाउस 9000 मागायचे योजले. मागण्यासाठी चर्चमधलाच फोन उचलला. कोणत्या क्रमांकावरून बोलता, असे पलीकडून विचारले, म्हणून त्यांनी तबकडीवरची धूळ पुसली. पाहतात तो त्या फोनचा क्रमांक तोच होता! ही हकीकत ते स्वतः सांगत. 2 नोव्हेंबर 1953 रोजी पहिला फोन आला.

पुढे जे घडले ते मला त्याहून मोलाचे वाटते. फोन करून माणसे प्रत्यक्ष भेटीला येऊ लागली. व्हारा एकटे, येणारे पुष्कळ. बाहेर ताटकळणाऱ्यांना चहा द्यावा, दोन शब्द बोलावे, म्हणून काही साधी माणसे मदतीला बसू लागली. थोड्याच दिवसांत व्हारांच्या ध्यानात आले की चहा घेऊन, मन मोकळे करून कित्येकजण त्यांना न भेटताच शांत होऊन परत जातात. उपदेश नको होता. ऐकणारे हवे होते. फेब्रुवारी 1954 मध्ये त्यांनी ते काम त्या साध्या माणसांच्याच हाती दिले. तीच समॅरिटन्स ही संस्था. आणि 1961 साली इंग्लंडने आपला तो जुना कायदा पुसून टाकला.

इंग्लंडने पुसला, आपल्याकडे मात्र राहिला. आपल्या विधी आयोगाने 1971 साली हे कलम काढा म्हणून सांगितले. 1978 साली राज्यसभेने तसे विधेयक मंजूरही केले, पण लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक तिच्याबरोबर बुडाले. मग 1986 साली मुंबईच्या उच्च न्यायालयापुढे एका पोलिस शिपायाचा खटला आला. रस्त्यावरच्या अपघातानंतर त्याचे मन ठिकाणावर राहिले नव्हते, आणि त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला म्हणून त्याच्यावर खटला भरला होता. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी निर्णय दिला की हे कलमच घटनेला धरून नाही. आपल्या महाराष्ट्राच्या न्यायासनाचा हा शब्द अभिमानाने सांगावा असा आहे. त्याच वर्षी तिकडे मद्रासेत डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी 'स्नेहा' ही संस्था काढली आणि ऐकणारी माणसे फोनपाशी बसवली. 1994 साली सर्वोच्च न्यायालयानेही कलम रद्द ठरवले. पण 1996 साली पाच न्यायाधीशांच्या पीठाने ते पुन्हा कायम केले.

कायदा असा पुढेमागे हेलकावत असता 6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूत एरवाडी येथे आग लागली. दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका ठिकाणी मनोरुग्णांना साखळ्यांनी बांधून ठेवले होते. अठ्ठावीस माणसे जळून मेली. त्यांना पळता आले नाही, कारण ती बांधलेली होती. या बातमीने देश हादरला आणि सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पुढे 2007 साली भारताने अपंगांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला, आणि या सगळ्याच्या अखेरीस 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आला. तो 29 मे 2018 पासून लागू झाला. मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास त्यात मनाई आहे. त्याचे कलम 115 तर मी दोनदा वाचले. ज्याने जीव देण्याचा प्रयत्न केला तो तीव्र मानसिक ताणाखाली होता असे धरून चालावे, त्याच्यावर खटला चालवू नये. आणि त्याची शुश्रूषा, उपचार व पुनर्वसन हे सरकारचे कर्तव्य समजावे. कैदेच्या जागी कर्तव्य आले, आणि तेही सरकारच्या माथी!

जुने कलम तरीही पुस्तकात होतेच. 1 जुलै 2024 रोजी नवी भारतीय न्यायसंहिता लागू झाली, तेव्हा ते गेले. सरकारी नोकरावर दडपण आणण्यासाठी केलेला प्रयत्न एवढाच आता गुन्हा उरला आहे. एकशेबासष्ट वर्षे लागली.

टेलिफोनही आला. अमेरिकेने 2020 साली कायदा करून तीनच आकड्यांचा क्रमांक ठरवला, 988, आणि तो जुलै 2022 मध्ये देशभर सुरू झाला. त्याच वर्षी 10 ऑक्टोबरला आपल्याकडे टेली-मानस सुरू झाले. क्रमांक 14416, पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलता येते.

मग सारे गोड झाले म्हणावे काय? नाही. 2022 या एका वर्षात देशात 1,70,924 माणसांनी जीव दिल्याची नोंद आहे. त्यांतली 22,746 आपल्या महाराष्ट्रातली, सर्व राज्यांत अधिक. मनाच्या आजाराने पीडित असलेल्या शंभरांतल्या सत्तरांहून अधिक लोकांना उपचारच मिळत नाहीत, असे 2015-16 च्या राष्ट्रीय पाहणीत दिसून आले. कायद्याने धाक काढून घेतला, पण धाकाने लावलेली सवय कायद्याने जात नाही. ओटीवरची आजी अजून घरोघर आहे आणि पाय अजून घसरतातच.

परीक्षेच्या दिवसांत मी फळ्याच्या कोपऱ्यात 14416 लिहून ठेवतो. पहिल्या वर्षी मुले हसली. एका मुलाने मात्र मान खाली घालून तो आकडा वहीच्या शेवटच्या पानावर उतरून घेतला. त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्याच्याबरोबर घरापर्यंत चालत गेलो. काय बोललो ते इथे सांगण्याचे कारण नाही. तो आता कॉलेजात आहे.

आमच्या वहिनी आता सत्तरीच्या पुढे गेल्या. गेल्या दिवाळीत फराळाला गेलो असता मी त्यांना हा सारा इतिहास सांगितला. सांगताना माझीच जीभ अडखळत होती. त्या लाडू वळत होत्या. ऐकता ऐकता त्यांचा हात थांबला.

"म्हणजे आता कोणी विचारले, तर खरे सांगितले तरी चालते?"

"चालते, वहिनी."

त्यांनी हातातला लाडू ताटात ठेवला, पदराला हात पुसले आणि माझ्यासमोर पाटावर बसल्या.

"मग विचार की," त्या म्हणाल्या.