पॉम्पेईची ‘लक्ष्मी’: नेपल्सच्या संग्रहालयातल्या भारतीय मूर्तीचं मराठवाड्याशी काय नातं?

इटलीला जाणारे बरेच पर्यटक पॉम्पेईचे अवशेष पाहून पुढे निघतात. पण तिथे सापडलेली अनेक उत्तम भित्तिचित्रं, मोझेक आणि घरगुती वस्तू आता नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. तिथेच एक भारतीय मूर्तीही आहे.

कशी आहे ही मूर्ती?
हस्तिदंतात कोरलेली ही स्त्रीमूर्ती सुमारे २५ सेंटिमीटर उंच आहे. अंगावर भरगच्च दागिने आणि दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी आहेत. १९३८ मध्ये पॉम्पेईतल्या एका घराच्या उत्खननात ती सापडली. वेसुव्हियस ज्वालामुखीने हे शहर इ.स. ७९ मध्ये गाडलं. म्हणजे मूर्ती त्याआधीच भारतातून रोमन साम्राज्यात पोहोचली होती.

ती खरंच लक्ष्मी आहे का?
सुरुवातीला तिला लक्ष्मी म्हटलं गेलं आणि तेच नाव रूढ झालं. आज बरेच अभ्यासक तिला यक्षी मानतात. डोक्यावर आरपार छिद्र असल्याने ती आरशाची मूठ किंवा एखाद्या छोट्या मेजाचा पाय असावी, असा अंदाज आहे.

मराठवाड्याशी संबंध काय?
धाराशिव जिल्ह्यातलं तेर आणि जालना जिल्ह्यातलं भोकरदन इथे अशाच धाटणीच्या हस्तिदंती मूर्ती मिळाल्या आहेत. त्यामुळे पॉम्पेईची मूर्ती सातवाहनांच्या प्रदेशात घडली असावी, असं काही अभ्यासक म्हणतात. तेर म्हणजे प्राचीन तगर. तिथलं कापड गाड्यांतून भडोच बंदरात जात असे, असा उल्लेख ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात आहे. मूर्तीच्या तळाशी मात्र खरोष्ठी अक्षर आहे. ही लिपी वायव्य भारतातली, त्यामुळे मूर्तीच्या मूळ गावाबद्दल एकमत नाही.

पाहायला जाताना
मूर्ती ‘गुप्त दालन’ या विभागात आहे. इथे पॉम्पेईतल्या शृंगारिक कलाकृती असल्याने १४ वर्षांखालील मुलांना मोठ्यांसोबतच प्रवेश मिळतो. संग्रहालय साधारणपणे मंगळवारी बंद असतं आणि काही दालनंही अधूनमधून बंद ठेवली जातात. त्यामुळे निघण्यापूर्वी अधिकृत संकेतस्थळ पाहावं. ‘म्युझेओ’ हे मेट्रो स्थानक अगदी जवळ आहे.

इटलीला जाणं शक्य नसेल, तर तेरचं रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालय गाठावं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या व्यापाराच्या खुणा तिथेही आहेत.